लाल वहीचं वाचनालय: वर्गणी, कपाटं आणि मल्हाररावांवरून झालेलं भांडण

वाचनालयाचं नाव-पत्ता देणार नाही, हे आधीच सांगून टाकते. ते चालवणाऱ्या काकांची तशी सक्त ताकीद आहे. दोन खोल्या, एक गॅलरी आणि जिन्याखाली चपला काढायची जागा, एवढ्यात आहेत तेच सभासद मावत नाहीत, त्यात तू इंटरनेटवर लिहून आणखी वरात पाठवू नकोस, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा इंदूरला रामबागेच्या बाजूला आलात तर 'लाल वहीवालं वाचनालय' म्हणून विचारा. पोहेवाल्याला विचारलंत तर लवकर कळेल. ज्याला खरंच वाचायचंय तो पोचतोच.

आधी पैशाचं बोलू. अनामत 500 रुपये, महिन्याची वर्गणी 80. एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवसांच्या बोलीवर, त्यापुढे दर दिवशी दर पुस्तकामागे 2 रुपये. दंडात सूट नाही. काकांच्या सख्ख्या मेहुण्याने दिवाळी अंक दडपून ठेवला होता, त्याच्याकडूनही वसूल केला आणि वर पावती फाडून हातात दिली. सकाळी साडेआठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते आठ, सोमवारी बंद. रंगपंचमीला जाऊच नका, त्या दिवशी काका स्वतःच गेर बघायला राजवाड्यावर असतात.

कथा-कादंबऱ्या, आत्मचरित्रं, ज्योतिष, पाककृती, दिवाळी अंकांचे गठ्ठे हे सगळं आहे आणि ठीकठाक आहे. त्यावर शब्द खर्च करत नाही. मी तिथे जाते ती आतल्या खोलीतल्या हिरव्या लोखंडी कपाटासाठी आणि त्याच्या शेजारी स्टुलावर ठेवलेल्या वहीसाठी.

कपाट युद्धाचं आहे. ते इतकं भरलेलं कसं, याचं उत्तर महूत आहे. तासाभराच्या अंतरावर इन्फन्ट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज, सिग्नलवाल्यांचं कॉलेज. फौजेतले अधिकारी येतात, कोर्स करतात, शिकवतात, बदली होऊन जातात. जाताना सामानाचं वजन कमी करायचं म्हटलं की पहिली कुऱ्हाड पुस्तकांवर. ती रद्दीवाल्याकडे जातात, तिथून काही इथल्या खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत येतात, आणि काकांची दोन्हीकडे नेहमीची फेरी. मराठी पुस्तकं मात्र वेगळ्या वाटेने आली. आजोबा गेले, वाडा विकला, फ्लॅटमध्ये कपाटाला जागा नाही, मग 'काका, तुम्ही घ्याल का?' असा फोन येतो. जुन्या इंदुरी घरांतली निम्मी ग्रंथसंपदा अशीच जिना चढून वर आलेली आहे.

मांडणी मला फार आवडते. भाषेने नाही, लेखकाच्या आडनावाने नाही, लढाईच्या सालाने. त्यामुळे 1761 च्या कप्प्यात शेजवलकरांचं जाडजूड पानिपत, त्याला खेटून यदुनाथ सरकारांचा इंग्रजी खंड आणि मध्ये कुणाच्या तरी आजीने वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली भाऊसाहेबांची बखर. एकाच लढाईबद्दल तिघांचं काय म्हणणं आहे ते उभ्या उभ्या ताडून पाहता येतं. मोठ्या वाचनालयांत यासाठी तीन मजले चढावे लागतात. इथे फक्त वाकावं लागतं, कारण अठरावं शतक खालून दुसऱ्या फळीवर आहे आणि गुडघे माझे आहेत.

पुस्तकांची अवस्था बेताची. कुणी लाल पेन्सिलीने ओळीन्‌ओळ रंगवलेली, कुणाच्या पहिल्या पानावर मेसच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का. मी नुकतं परत केलं त्या पुस्तकात महू-खांडवा गाडीचं पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं, छोट्या रुळाच्या काळचं. काकांनी ते परत त्याच पानात घातलं. म्हणाले, ज्याने ठेवलं त्याची खूण आहे, आपण कोण काढणार. वाळवी नाही, डांबराच्या गोळ्यांचा वास मात्र असा की घरी नेलेलं पुस्तक रात्रभर गॅलरीत ठेवावं लागतं.

आता वही. लाल कापडी बांधणीची, लांबट, आमच्या बाजारात रोजमेळाला वापरतात तीच. मी छावणीत, म्हणजे इंदूरच्या धान्यबाजारात, एका आडत्याच्या पेढीवर हिशेब लिहिते, त्यामुळे पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं की काका जमाखर्च मांडून बसलेत. उघडली तर डाव्या पानावर रकाने: तारीख, पुस्तक, कुठवर आलो, काय वाटलं. उजवं पान कोरं. डाव्या बाजूला ज्याने त्याने आपण सध्या काय वाचतोय ते लिहायचं. पुस्तक संपायची वाट बघायची नाही, अर्ध्यावर असतानाच लिहायचं. उजव्या बाजूला बाकीच्यांनी त्यावर काय ते बोलावं. नियम दोनच. पुस्तकात पेन्सिल लावायची नाही, सगळं इथे लिहायचं, आणि खाली सही करायची, निनावी काही चालणार नाही. तिसरा नियम अलिखित आहे: अक्षर लागलं नाही तर काकू वाचून दाखवतात, त्या पस्तीस वर्षं शाळेत पेपर तपासत होत्या.

'अर्ध्यावर असतानाच' या अटीत सगळी गंमत आहे. पुस्तक संपल्यावर माणूस मत देतो, शहाण्यासारखं बोलतो. अर्ध्यावर असताना तो अडलेला असतो, चिडलेला असतो, पुढे काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. एका गृहस्थांनी वॉटर्लूवरचं पुस्तक वाचताना पान 140 ला लिहिलं होतं, 'नेपोलियन जिंकणार असं दिसतंय.' उजव्या पानावर कुणीतरी फक्त 'हो का!' एवढंच लिहून सही ठोकली आहे.

वहीत उतरणाऱ्यांत एक महूचे निवृत्त सुभेदार आहेत, मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीच्या शेवटी महूला आले आणि तिथेच घर बांधलं. एक डॉक्टरीणबाई आहेत, हाडांच्या. एक इंजिनिअरिंगची मुलगी आहे, तिला तोफांचं वेड. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना सगळ्याबद्दल मत असतं. आणि मी. मला धान्य दिसतं. लढाईचं पुस्तक उघडलं की घोडे किती, तलवारी किती हे सोडून मी दाणागोटा शोधत बसते. सुभेदारांना जमीन दिसते, चढ कुठे, आडोसा कुठे. डॉक्टरीणबाईंना जखमा. प्रत्येक जण आपल्या पोटापाण्याच्या धंद्याचा चष्मा लावून तेच पान वाचतो, आणि वही नसती तर हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं. एकट्याने वाचणाऱ्याला वाटतं, पुस्तकात आहे ते एवढंच.

पानिपतावर मी जे लिहिलं ते असं होतं. भाऊंच्या फौजेने ऑगस्ट 1760 मध्ये दिल्ली घेतली आणि दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून नाणी पाडली, सुमारे नऊ लाखांची. आमच्या पेढीवर एखादा व्यापारी घरातले दागिने मोडून हमालांची मजुरी देऊ लागला तर शेटजी त्याच दिवशी त्याची उधारी बंद करतील. तिथून पुढे मी तारखा मांडल्या. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतलं, तिथलं धान्य हाती लागलं, म्हणजे एक हप्ता भरला गेला. त्याच महिन्याअखेरीस अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, म्हणजे बाहेरून रसद धाडणारा आणि अब्दालीची रसद मारणारा एकच माणूस होता तो गेला. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून खजिना घेऊन येणारी तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून थेट अब्दालीच्या छावणीत शिरली. 14 जानेवारीला लढाई झाली ती उपाशी माणसांनी केली. बखरकार शौर्याचं लिहितात, ते खरंच होतं. पण मला विचाराल तर डिसेंबरातच खातं बुडीत निघालं होतं.

आणि पेशव्यांना बातमी कशी कळली, तर सावकारी पत्रातून. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलं आणि हुंदका गिळला. पण तिथे भिलशाला, म्हणजे आपल्या विदिशाला, नानासाहेब फौज घेऊन उत्तरेकडे निघालेले असताना त्यांच्या आधी बातमी होती ती सावकाराच्या कासिदाजवळ. फौजेच्या जासुदापेक्षा पेढीचा माणूस पुढे. आमच्या छावणीत भाव असेच पोचतात, सरकारी आकड्यांच्या आधी. हे मी डाव्या पानावर लिहिलं, तर उजवीकडे बँकवाल्या गृहस्थांनी लिहिलं, 'वहिनी, तुम्ही पानिपताची ताळेबंद-पत्रिका केलीत.' मी ते कौतुक समजून घेतलं आहे.

त्याच गृहस्थांनी पुढे जे केलं त्याने वहीची तीन पानं खाल्ली. त्यांनी लिहिलं की मल्हारराव होळकर लढाई सोडून गेले, हा डाग पुसला जात नाही. हे इंदूरला लिहायचं! राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर बसून! दोन दिवसांत उजवं पान भरलं, समास भरला, मग काकांनी वरून कागद चिकटवला. एकाने बखरीचा हवाला दिला, बायकामाणसांना बाहेर काढण्यासाठी भाऊंनीच त्यांना जायला सांगितलं असं त्यात येतं म्हणून. दुसऱ्याने विचारलं, बखर कधी लिहिली आणि कुणासाठी? तिसऱ्याने काशिराज पंडिताला साक्षीला आणलं. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे समोरच्या फळीत उभा राहून त्याने लढाई पाहिली आणि 1780 मध्ये फारसीत लिहून ठेवली. त्यावर चौथा म्हणतो, पुढे वीस वर्षांनी आठवून लिहिलेलं किती धरायचं. सुभेदारांनी सगळ्यांत शेवटी लिहिलं, आणि मला तेच पटलं: मल्हारराव उजव्या बगलेला होते, समोर नजीबखान. विश्वासराव पडले आणि मधली फळी फुटली ती त्यांच्यासमोर नव्हे. मधली फळी फुटल्यावर बगलेवरच्या सरदाराने काय करावं हे आम्हालाही शिकवतात, आणि त्याचं उत्तर 'तिथेच मरावं' असं नसतं. पळाला की माघार घेतली, हे ठरवायचं असेल तर किती माणसं हत्यारानिशी परत आणली ते मोजा.

त्याखाली काकांची लाल शाईतली दुहेरी रेघ आणि एक ओळ: 'चर्चा पुरे. बखर तीन दिवस उशिरा आहे, 6 रुपये.'

पुण्यात हाच वाद झाला असता तर वेगळा झाला असता, एवढंच म्हणते. इंदूरकराला मल्हाररावांबद्दल तटस्थ राहणं जड जातं. मी प्रयत्न करते, जमत नाही.

मला वहीने सगळ्यांत मोठं काही दिलं असेल तर ते चिखलाचं प्रकरण. मी 1804 चं वाचत होते, कर्नल मॉन्सनची माघार. यशवंतराव होळकरांवर चालून आलेला हा इंग्रज कोट्याच्या दक्षिणेला मुकुंदऱ्याच्या खिंडीपर्यंत पोचला, आणि 8 जुलैला त्याने पाठ फिरवली. जुलै! मालवा-हाडोतीत पाऊस लागल्यावर शहाणा माणूस बैलगाडीसुद्धा बाहेर काढत नाही. काळी माती ओली झाली की चाकाला अशी धरते की चाक आणि माती यांत फरक राहत नाही. कोट्याला तिथला कारभारी जालिमसिंह याने शहराचं दार उघडलं नाही. पुढे तोफा रुतल्या, निघेनात, तेव्हा इंग्रजांनी त्यांच्या कानांत खिळे ठोकून त्या तिथेच टाकल्या. चंबळ फुगलेली, बनास फुगलेली, मागे यशवंतरावांचे स्वार. ऑगस्टअखेर आग्र्याला पोचेपर्यंत त्या फौजेत फौज म्हणावं असं थोडंच उरलं होतं. त्या वेळच्या कंपनीसाठी ही मोठी नामुष्की. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र दोन ओळी.

मी लिहिलं की यशवंतरावांच्या घोड्यांइतकीच ही लढाई पावसानेही मारली. आठवड्याने उजव्या पानावर सुभेदारांचं अक्षर, ठळक, प्रत्येक ओळ पट्टी लावल्यासारखी सरळ:

'ताई, चिखलाचं पुढचं प्रकरण 1965 च्या फळीवर आहे. असल उत्तर, खेमकरण भाग, 8 ते 10 सप्टेंबर. समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, एकेक पंचेचाळीस-एक टनांचा. आपल्या 4 माउंटन डिव्हिजनने मागे सरकून उसाच्या शेतांत घोड्याच्या नालासारखा मोर्चा धरला आणि रातोरात शेतांत पाणी सोडलं. रणगाडे रुतले, उसातून तोफा दिसेनात. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने रणगाडे फोडले, 10 तारखेला ते पडले, परमवीरचक्र. फरक एवढाच की मॉन्सनला चिखल नशिबाने मिळाला, इथे आपण तो केला. वाचावे.'

मी ते पुस्तक घेतलं. 1965 च्या फळीकडे मी आपणहून कधी गेले नसते, रणगाड्यांचा मला कंटाळा. पण पाणी सोडलेली शेतं म्हटल्यावर विषय माझा झाला. कालव्याचं पाणी कुणी फोडलं, कुठल्या वेळी, उभं पीक कुणाचं होतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या पुस्तकात नाही. असं मी वहीत लिहिलं, आणि सुभेदारांनी खाली नुसतं 'खरे आहे' लिहिलं. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

डॉक्टरीणबाईंशी माझं असंच कूट अल अमाराच्या निमित्ताने जमलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, इंग्रज सेनापती टाउनशेंडची फौज, त्यात आपल्या मराठा पलटणीही, डिसेंबर 1915 पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 ला शरण गेली. मी अर्थातच कोठारातलं धान्य मोजत होते. विमानातून पोती टाकून माणसं जगवायचा प्रयोग तिथे झाला, आणि तो पुरा पडला नाही. डॉक्टरीणबाईंनी उजवीकडे लिहिलं की आजारांची यादी नीट बघा. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाला, कारण त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा, आपल्या शिपायांना तो झाला नाही, कारण ते कोंड्यासकट आटा खात होते. उलट हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाली, कारण भाजी संपली होती आणि घोड्याचं मांस खायला ते बराच काळ तयार नव्हते. पुढे मैदा संपून गोऱ्यांनाही आटा खावा लागला तेव्हा त्यांचा बेरीबेरी हटला. एकाच वेढ्यात, एकाच कोठारातून जेवणारी माणसं, आणि ताटाप्रमाणे आजार वेगळा. हे मी पेढीवर सगळ्यांना सांगितलं. शेटजींनी त्या दिवसापासून घरचा आटा चाळायचा बंद केला, असं शेटाणीबाई म्हणतात.

तक्रारींकडे वळते, त्या आहेत.

पहिली आणि मोठी: नकाशे. युद्धाचं पुस्तक नकाशाशिवाय वाचायचं म्हणजे शिक्षाच. जुन्या इंग्रजी पुस्तकांतले घडीचे नकाशे बहुतेक फाटलेत किंवा कुणीतरी ब्लेडने कापून नेलेत. मराठी पुस्तकांत मुळात ते क्वचित असतात, आणि असले तर पोस्टाच्या तिकिटाएवढे, दिशा न दाखवणारे. हा दोष वाचनालयाचा नाही, प्रकाशकांचा आहे. पण भिंतीवर हिंदुस्थानचा एक बरा भौगोलिक नकाशा लावायला काय हरकत आहे? काका म्हणतात, भिंतीला ओल आहे. आहे खरी.

यावर इंजिनिअरिंगवालीने आपल्यापुरता तोडगा काढला. ती महिदपूरचं वाचत होती. 21 डिसेंबर 1817, उज्जैनच्या पुढे क्षिप्रेकाठी, आपल्या होळकरशाहीची शेवटची मोठी लढाई. आदल्या दिवशी कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा नदीकाठी वध झालेला, गादीवर अकरा-एक वर्षांचा पोर, सरदारांत फूट, आणि समोर इंग्रज सेनानी हिस्लॉप व माल्कम. होळकरांच्या तोफा पलीकडच्या काठावर, इंग्रजांना त्यांच्या तोंडासमोर उतारातून नदी ओलांडावी लागली. पोरीने ट्रेसिंग पेपरवर नदीचं वळण, उतार, तोफांची रांग, स्वारांची जागा असं सगळं काढलं आणि पुस्तकाच्या आतल्या बाजूला खिसा करून ठेवलं. खाली टीप: 'गोलंदाज शेवटपर्यंत तोफांजवळून हलले नाहीत, हे इंग्रजांनीच लिहिलंय. साठच्यावर तोफा गेल्या. तोफखाना चांगला होता, बाकी सगळं फुटलं होतं.' त्या नकाशावर बोट ठेवून मी पुस्तक पुन्हा वाचलं, तेव्हा कुठे ती सकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली. पंधरा दिवसांत मंदसोरचा तह झाला, 6 जानेवारी 1818, आणि त्याच वर्षी राजधानी इंदूरला आली. महूची छावणी पडली तीही तेव्हाच. म्हणजे हे कपाट ज्या छावणीच्या रद्दीवर भरलं तिची सुरुवात महिदपूरच्या त्याच पराभवातून.

दुसरी तक्रार कादंबऱ्यांची. ऐतिहासिक कादंबऱ्या काकांनी युद्धाच्या कपाटात घुसवल्या आहेत, सालाप्रमाणे. त्यामुळे नवा वाचक येतो, पानिपतावरची कादंबरी नेतो आणि वहीत भाऊंचे संवाद अवतरणचिन्हांत उतरवून ठेवतो, जसे काही ते दप्तरात सापडले. मी भांडले. काका म्हणाले, कादंबरीशिवाय त्या फळीला हात कोण लावणार? मुद्दा त्यांचा आहे, पण निदान पुठ्ठ्याला निळी चिकटपट्टी लावा. लावलेली नाही.

बाकी किरकोळ. आतल्या खोलीतली ट्यूबलाइट फडफडते. यादी संगणकावर नाही, काकांच्या डोक्यात आहे, आणि काका जेवायला गेले की यादीही जाते. पहिल्या महायुद्धावर भरपूर, पण 1962 वर जेमतेम, आणि आरमारावर जवळजवळ काहीच नाही. आंग्रे कुठे आहेत म्हणून विचारलं तर म्हणाले, समुद्र लांब आहे ना. कपाटात सगळं युद्ध पुरुषांनी लिहिलेलं. विष्णुभट गोडश्यांचा प्रवास तेवढा वेगळा वाटतो, कारण तो भिक्षुक माणूस झाशीच्या वेढ्यात अडकून घाबरलेला आहे आणि घाबरलो असं सरळ लिहितो. सेनापतींच्या आठवणींत हे सापडत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी गॅलरीत बैठकही असते, प्रत्येकाने सध्या काय वाचतोय ते दहा मिनिटं सांगायचं. पोहे आणि वर रतलामी शेव, ते उत्तम. बैठक मात्र मला फारशी रुचत नाही. दोघे-तिघे बोलत राहतात, डॉक्टरीणबाईंना मध्येच फोन येतो, ती पोरगी तोंड उघडत नाही. वहीत तीच पोरगी बँकवाल्या गृहस्थांना तोफेच्या पल्ल्यावरून चार ओळींत गप्प करते. लिहिताना वय, आवाज, हुद्दा यांचा धाक राहत नाही. तेव्हा नव्या सभासदाला माझा सल्ला: बैठकीला पोह्यांसाठी जा, वाचनासाठी वहीपाशी बसा. निदान मागची वीस-पंचवीस पानं चाळल्याशिवाय पुस्तक निवडू नका, कपाटापेक्षा वही चांगली वाट दाखवते.

कुणी सभासद व्हावं? ज्याला नवीकोरी पुस्तकं हवीत त्याने नाही. ज्याला घरपोच हवं त्यानेही नाही, काकांनी ते एकदा सुरू केलं होतं, पोरगा पुस्तकं भलत्याच घरी देऊन येई. ज्याला गुडघे आहेत, थोडी धूळ चालते, आणि आपण वाचतोय त्यावर कुणी 'हो का!' लिहिलं तरी राग येत नाही, त्याने 500 रुपये खुशाल भरावेत. पाचपैकी चार देते. ट्यूबलाइट बदलली तर साडेचार.

एक सूचना. माल्कमने महिदपूर जिंकल्यावर याच मुलखाचा कारभार पाहिला आणि 1823 मध्ये मध्य हिंदुस्थानचा वृत्तान्त दोन खंडांत छापला. होळकरांबद्दल आज आपण जे सांगतो त्यातलं बरंच त्यांना हरवणाऱ्याच्या लेखणीतून आलेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचायला हवा असा ग्रंथ. पहिला खंड कपाटात आहे. दुसरा माझ्याकडे, 22 तारखेपर्यंत. बँकवाले गृहस्थ रोज काकांना विचारतायत म्हणे. विचारू देत, माझे अजून नऊ दिवस आहेत.